गिरणीतली लाल पेटी: दारावर ४३१, चाकावर ४१३

गंजकाढू
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय, सांभाळून घ्या.

मॅसॅच्युसेट्समधली एक जुनी कापडगिरणी पाडण्याआधी तिथल्या सामानाचा लिलाव झाला. मी गेलो होतो लेथसाठी. लेथ दुसऱ्यानेच नेला. कोपऱ्यात कोळ्याच्या जाळ्यात एक ओतीव लोखंडाची पेटी पडली होती, तिच्यावर कोणी बोली लावेना, म्हणून मी घेतली. आकार घरासारखा, वर उतरतं छप्पर. उंची दीड फूट असेल, पण गाडीतून उतरवताना कंबरेने जाहीर निषेध नोंदवला. दारावर एक मूठ कोरलेली आहे आणि मुठीत विजांचा जुडगा. खाली पत्र्यावर आकडा: ४३१.

दार उघडलं की आत अजून एक पेटी आणि तिच्यात पितळी यंत्र. मोठी चपटी कमान, दातेरी चाकं आणि पुढच्या बाजूला तळहाताएवढं एक चाक, त्याच्या कडेवर उंचवटे. मोजले तर चार उंचवटे, मग जरा मोठी मोकळी जागा, मग एकच, मग जागा सोडून तीन, की पुन्हा चार. म्हणजे ४१३. दारावर मात्र ४३१! शिवाय एका बाजूला तांब्याच्या तारेचं एक वेटोळं आहे, ते बाकीच्या यंत्रापासून वेगळंच वाटतं.

तीन प्रश्न. हे नेमकं काय आहे? आकडे का जुळत नाहीत? आणि रंगाचे पोपडे निघालेत, तर सँडब्लास्ट करून (वाळूचा मारा करून जुना रंग काढून) नवा लाल रंग मारू का?

रानजाई
फोटो दिसत नाहीयेत.

गंजकाढू
आता बघा. लिंक चुकली होती.

तारवाला
तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी: नाही, नाही आणि नाही. कारण नंतर सांगतो.

पेटी गेमवेल कंपनीची. विजांची मूठ म्हणजे त्यांचा शिक्का, तो ओळखायला दार उघडायचीही गरज नाही. ही तारयंत्राची आगसूचक पेटी आहे. तुम्ही ज्याला उंचवटे म्हणता त्यावरच सगळा खेळ. दारातला खटका ओढला की कमान सुटते, चाक फिरतं, आणि प्रत्येक दात संपर्कपट्टीला धक्का देऊन तारेतली वीज क्षणभर तोडतो. चार दात म्हणजे चार तुटी, थोडं थांबून पुढचा आकडा. तिकडे अग्निशमन ठाण्यात तितकेच टोल पडतात आणि कागदाच्या पट्टीवर तितकीच भोकं. टोल मोजायचे, यादीत तो आकडा बघायचा, की कुठला रस्ता, कुठला कोपरा ते कळलं. एकदा ओढलं की पेटी आपला आकडा साधारण चार वेळा सांगते, म्हणजे पहिला फेरा कोणाच्या जांभईत गेला तरी तीन उरतात.

आकडे न जुळण्याचं कारण सोपं आहे. दार बदललेलं असणार. अशा पेट्या दुरुस्तीला जायच्या, एकाचं दार दुसरीला लागायचं. संग्राहकांच्या बाजारात तर असल्या खिचडी पेट्या भरपूर.

फ्यूज_उडाला
वीज 'तोडतो' का? घंटा वाजवायला वीज जोडायला नको का?

तारवाला
खरी गंमत तिथेच आहे. तुमच्या दाराची बेल दाबल्यावर वीज वाहते. तिची तार मधेच तुटली तर? बेल वाजत नाही आणि पाहुणा खाली उभा राहून दमेपर्यंत तुम्हाला पत्ता नसतो. आगीच्या बाबतीत ते परवडत नाही. म्हणून या पेट्या एकामागे एक अशा एकाच बंद कडीत जोडलेल्या असायच्या आणि त्या कडीतून कायम वीज वाहत असायची, साधारण १०० मिलीअँपिअर. तिच्या जोरावर ठाण्यातलं विद्युतचुंबक लोखंडी पट्टी धरून ठेवायचं. वीज तुटली की पट्टी सुटते, टोल पडतो. वादळात तार तुटली तर? एकच टोल, आणि मग सगळं चिडीचूप. ड्युटीवरच्या माणसाला त्या चिडीचूपवरूनच कळायचं की लाइन गेली, माणूस पाठवा. आजच्या आगसूचक पॅनलवर बिघाड झाला की पिवळा 'ट्रबल' दिवा लागतो ना, तो याच विचाराचा नातू.

खडूस_मेकॅनिक
तारवाला सुरू झाले. चहा टाकतो.

तारवाला
टाका, माझ्यासाठीही टाका. :)

ही कल्पना विल्यम चॅनिंग नावाच्या बॉस्टनच्या डॉक्टरची. डॉक्टर असूनही (की असल्यामुळेच) त्याला शहर म्हणजे एक शरीर वाटायचं: पेट्या म्हणजे संवेदना, तारा म्हणजे मज्जातंतू, मधलं ठाणं म्हणजे मेंदू. यंत्राची बाजू मोझेस फार्मर या इंजिनिअरने सांभाळली. २८ एप्रिल १८५२ ला बॉस्टनमध्ये यंत्रणा सुरू झाली. त्या पहिल्या पेट्यांत कमान नव्हती, हाताने दांडा फिरवायचा होता. आता आग बघून घाबरलेला माणूस दांडा कसा फिरवेल? जीव खाऊन. टोल इतके भराभर पडायचे की आकडा कळायचा नाही. म्हणून पुढे घड्याळासारखी कमान आणि वेग आवरणारा गव्हर्नर आला. माणसाने फक्त ओढायचं, वेग यंत्र बघेल. तुमच्या पेटीतली ती चपटी कमान म्हणजे माणसाच्या घाबरटपणावर काढलेला तोडगा आहे.

सावकाश_वाचणारी
एक दुरुस्ती सुचवू का? बर्लिनमध्ये सीमेन्स आणि हाल्स्के यांची आगीसाठीची तारयंत्रणा १८५१ ची आहे. मग बॉस्टन पहिलं कसं?

तारवाला
सुचवा की, त्यासाठीच बसलोय. बर्लिनची यंत्रणा ठाण्या-ठाण्यांना जोडणारी होती. बॉस्टनचं वेगळेपण म्हणजे पेटी रस्त्यावर, लोकांसाठी, आणि प्रत्येक पेटी स्वतःचा आकडा आपणहून सांगणारी. 'पहिलं कोण' या वादात मी पडत नाही, 'काय पहिलं' एवढं सांगितलं की बहुतेक भांडणं मिटतात.

रानजाई
'लोकांसाठी' म्हणजे कोणीही उघडू शकायचं?

सावकाश_वाचणारी
नाही ना! तीच तर मोठी चूक. खोट्या सूचना येतात म्हणून पेट्यांना कुलूप, आणि किल्ल्या पोलिसांकडे किंवा जवळच्या एखाद्या भरवशाच्या नागरिकाकडे. ९ नोव्हेंबर १८७२ च्या संध्याकाळी बॉस्टनमध्ये आग लागली तेव्हा लोकांना ती दिसत होती, पण पेटीतून पहिली सूचना जायला ७ वाजून २४ मिनिटं झाली. पेटी क्रमांक ५२. त्यात भर म्हणजे घोड्यांमध्ये साथ पसरली होती, म्हणून काही बंब माणसांनी ओढत नेले. सुमारे ६५ एकर आणि ७७६ इमारती गेल्या.

शिकागोच्या मोठ्या आगीची कथा त्याच्या आदल्या वर्षीची. तिथे कोर्टाच्या मनोऱ्यावरच्या पहारेकऱ्याला ज्वाळा दिसल्या, पण अंतराचा अंदाज चुकला आणि त्याने ३४२ क्रमांकाची सूचना द्यायला लावली. ती जागा आगीपासून मैलभर लांब. चूक लक्षात आल्यावर बदलायचं ठरेना, कारण नवा आकडा दिला तर गोंधळ वाढेल अशी भीती. यंत्राने इमानदारीत चुकीचा पत्ता सांगितला.

पुढे कुलपावर तोडगे निघाले. काच फोडून किल्ली काढायची पेटी आली, आणि मूठ फिरवली की दारातच मोठी घंटा वाजेल असं बिनकिल्लीचं दार आलं. घंटा वाजली की आजूबाजूचे लोक वळून बघतात, म्हणून खोडकर माणूस कचरतो. कुलपापेक्षा लाज स्वस्त पडली म्हणायचं.

फ्यूज_उडाला
हा शेवटचा मुद्दा भारी. वाचनखुणांत टाकला.

दोन माणसांनी एकाच वेळी दोन पेट्या ओढल्या तर काय? चार आणि दोन मिळून सहा टोल?

तारवाला
अगदी तेच व्हायचं. दोन आकडे एकमेकांत मिसळले की तिसऱ्याच जागेचा पत्ता तयार. म्हणून नंतरच्या पेट्या आधी 'ऐकायच्या'. लाइन दुसऱ्याच्या ताब्यात असेल तर पेटी गप्प राहते, आणि त्याहून सुधारलेल्या प्रकारात आपली पाळी येईपर्यंत थांबून मग बोलते. नेटवर्कवाल्यांनो, हसू नका, तुमच्याआधी कितीतरी वर्षं पितळी चाकांनी हे करून दाखवलंय. आणि एक: आकड्यांत शून्य शक्यतो घेत नसत, कारण शून्यासाठी दहा टोल मोजत बसावे लागत.

खडूस_मेकॅनिक
तुमच्या त्या गेमवेलने स्वतः यातलं काय शोधून काढलं?

तारवाला
प्रश्न खवचट आहे, पण रास्त आहे. जॉन गेमवेल मूळचा साउथ कॅरोलायनातल्या कॅम्डेनचा पोस्टमास्तर आणि तारयंत्रवाला. १८५५ मध्ये चॅनिंगचं वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनमध्ये या विषयावर व्याख्यान झालं. चॅनिंगला शहरांकडून गिऱ्हाइकी जमत नव्हती. गेमवेलने त्याच वर्षी दक्षिणेकडचे हक्क घेतले आणि १८५९ मध्ये सगळेच विकत घेतले. मग यादवी युद्ध आलं. हा दक्षिणेचा, म्हणून सरकारने पेटंटं जप्त केली. १८६७ मध्ये जॉन केनार्ड याने ती अवघ्या ८० डॉलरला विकत घेतली, गेमवेलला परत दिली आणि दोघांनी भागीदारीत कारखाना काढला. गेमवेल फायर अलार्म टेलिग्राफ कंपनी या नावाने १८७९ मध्ये उभी राहिली आणि पुढे बॉस्टनजवळ न्यूटन अपर फॉल्सला तिचा मोठा कारखाना झाला. प्रतिस्पर्धी आला की त्याला विकत घ्यायचं किंवा पेटंटच्या दाव्यात अडकवायचं, हा खाक्या. अमेरिकेतला हा धंदा जवळजवळ त्यांचाच झाला.

तेव्हा त्याने काय शोधलं? गिऱ्हाईक शोधलं. तेही सोपं नसतं. (नाव अजून चालू आहे, आता हनीवेलच्या छत्रीखाली.)

निवृत्त_फोरमन
मी जरा उशिरा आलो. गंजकाढू, ते वेगळं वेटोळं कोणीच मनावर घेतलेलं दिसत नाही. माझ्या मते तुमच्या पेटीतली सगळ्यात बोलकी वस्तू तीच.

रस्त्यावरच्या साध्या पेटीत फक्त हाताने ओढायचा खटका असतो. गिरणीच्या, शाळेच्या, इस्पितळाच्या भिंतीवरच्या पेटीला आतूनही सूचना यायची. गिरणीत मजल्यामजल्यावर छोट्या पेट्या, त्यांतली एखादी ओढली किंवा स्प्रिंकलरला (आग लागली की आपोआप पाणी फवारणाऱ्या छतावरच्या नळांना) पाणी सुटलं की या वेटोळ्यातून वीज जाते किंवा जायची थांबते, खटका सुटतो आणि मोठी पेटी शहराच्या तारेवर स्वतःचा आकडा ठोकू लागते. तिला मास्टर बॉक्स म्हणतात. म्हणजे ४३१ हा (किंवा ४१३, तुमचं काय ते ठरवा) अख्ख्या गिरणीचा आकडा. बंब निघताना त्यांना कळायचं की हा कोपऱ्यावरचा कचरा पेटलेला नाही, कापसाची गिरणी आहे, तयारीने चला.

गिरणीच्या आत काय वाजायचं हा वेगळा विषय, आणि तो रक्ताने लिहिला गेलाय. २५ मार्च १९११, न्यूयॉर्क, ट्रँगल शर्टवेस्ट कारखाना, १४६ मृत्यू. आग आठव्या मजल्यावर लागली. आठव्यावरून दहाव्याला फोन गेला. नवव्याला कोणी कळवलंच नाही; तिथे ना घंटा, ना भोंगा. नवव्या मजल्यावरच्या मुलींना आगीची बातमी आगीनेच दिली. त्यानंतर न्यूयॉर्कमध्ये कारखान्यांचे कायदे बदलले, इमारतीच्या आतली सूचनायंत्रणा आणि आग लागल्यावर बाहेर पडायची कवायत सक्तीची झाली, आणि घंटा बनवणाऱ्यांना आयतं गिऱ्हाईक मिळालं.

हे बनवणारे कोण? घड्याळवाले! मॅसॅच्युसेट्सच्या गार्डनर गावची सिम्प्लेक्स ही मूळ हजेरीची घड्याळं करणारी. स्प्रिंगफील्डची स्टँडर्ड इलेक्ट्रिक टाइम नावावरूनच कळते. आयबीएमसुद्धा एके काळी घड्याळांबरोबर आगीच्या घंटा विकायची, ते खातं १९५८ मध्ये सिम्प्लेक्सने घेतलं. यात नवल नाही. कारखानाभर तारा ओढलेल्या, एका मुख्य घड्याळावर पाळीच्या घंटा वाजतात, कमान आणि दातेरी चाकं करणारे कारागीर हाताशी. घंटा तीच, फक्त वाजायचं कारण नवं. ओहायोतल्या शेल्बीच्या ऑटोकॉलची सुरुवात तर माणसं हुडकायला झाली: प्रत्येक साहेबाला एक आकडा, तो शेडमध्ये घंटेवर वाजला की साहेबाने जवळचा फोन उचलायचा. तेच सांकेतिक टोल मग आगीला लावले. पाळीची, साहेबाची आणि आगीची घंटा एकसारखी वाटू नये हा मग मोठा डोकेदुखीचा विषय झाला.

फ्यूज_उडाला
फोरमनकाका, स्प्रिंकलरला पाणी सुटल्याचं पेटीला कसं कळणार?

निवृत्त_फोरमन
बाळा, माझा आवडता विषय काढलास. पाइपातल्या झडपेची पाकळी पाण्याने उचलली की बाजूच्या छोट्या नळीत पाणी शिरतं. तिथे दाबावर चालणारा स्विच असतो, तो वेटोळ्याला सांगतो. पण त्याच नळीचं दुसरं टोक भिंतीबाहेर जातं, तिथे एक चिमुकलं पाणचक्र आणि त्याच्या दांड्यावर हातोडी. पाणी वाहतंय तोवर हातोडी घंटेवर आपटत राहते. वीज नाही, बॅटरी नाही, तार नाही. आग विझवणारं पाणीच बोंब मारतं. फ्रेडरिक ग्रिनेलच्या प्रॉव्हिडन्सच्या कारखान्यातल्या मालाने न्यू इंग्लंडच्या गिरण्या भरल्या होत्या. त्याच्याआधी १८७४ मध्ये न्यू हेवनच्या हेन्री पार्मेलीने स्वतःचा पियानोचा कारखाना वाचवायला स्प्रिंकलरचं पेटंट घेतलं होतं. कुठल्याही जुन्या गिरणीच्या बाहेर भिंतीवर लाल तबकडी दिसली तर थांबून बघा. अशा घंटा आजही बसवतात, कारण त्यांत सुधारायला फारसं काही उरलेलं नाही.

सावकाश_वाचणारी
अवांतर: आपोआप आग ओळखणाऱ्या विजेच्या यंत्राचं अमेरिकन पेटंट १८९० चं, फ्रान्सिस अप्टन (एडिसनचा सहकारी) आणि फर्नांडो डिबल यांचं. त्या पेटंटाच्या नावात 'फायर-अलार्म'च्या जागी 'टायर-अलार्म' असं छापलं गेलं. छापखान्याचे उंदीर तिकडेही होते तर!

गंजकाढू
बापरे, काय काय वाचायला मिळालं. लेथ गेल्याचं दुःख संपलं. तारवाला, सँडब्लास्टचं कारण राहिलं.

तारवाला
हो. एक: त्या काळच्या रंगात शिसं असतं, ते तुम्ही धूळ करून फुप्फुसात भरणार. दोन: वाळू ओतीव लोखंडावरची बारीक अक्षरं खाते. आतल्या पट्टीवर पेटंटच्या तारखा असतील, त्यातली सगळ्यात अलीकडची बघा. पेटी त्याच्याआधीची असू शकत नाही. एवढा एक दाखला तुमच्या हातात आहे, तो घासून टाकू नका. मी पूर्वी एक पेटी अशीच एका कारागिराकडे दिली होती. परत आली ती टोमॅटोसारखी लाल आणि टोमॅटोसारखीच गुळगुळीत. वाळू आत शिरून गव्हर्नर कायमचा बसला. आज ती माझ्याकडे दार अडवायला आहे.

ओल्या कपड्याने पुसा, सैल पोपडे ओलसर ठेवूनच काढा, पितळाला तर हातच लावू नका. यंत्रात तेल ओतू नका, घड्याळाचं तेल सुईच्या टोकाने, फक्त खुंट्यांना. गिरणीतून आणखी काही आणलं असेल तर तारांवरचं तंतुमय पांढरं वेष्टण ॲस्बेस्टॉस असू शकतं. आणि जुने धुराचे डिटेक्टर असतील तर ते अजिबात उघडू नका, सुरुवातीच्या आयनीकरणवाल्यांत किरणोत्सर्गी रेडियम असायचं.

रानजाई
मला यातलं काही कळत नाही, पण फोटो परत परत बघतेय. एक बावळट प्रश्न. फोटोत चाकावर बाण कोरलाय, म्हणजे ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतं, बरोबर? संपर्कपट्टी तर जागच्या जागी आहे. मग दात तिच्यासमोरून उलट्या क्रमाने नाही का जाणार? गंजकाढूंनी काट्यांच्या दिशेने मोजलंय: चार, एक, तीन. उलट दिशेने मोजलं तर चार, तीन, एक. आणि ती जरा मोठी मोकळी जागा चार आणि एकच्या मधे आहे. फेरा तिथे संपत असेल ना? मग तो सुरू होतो चारपासूनच.

खडूस_मेकॅनिक
🤐

निवृत्त_फोरमन
रानजाई, उद्यापासून कामावर या.

तारवाला
दंडवत. 'दार बदललेलं असणार' हे वाक्य मी परत घेतो. फोटो न तपासता ठोकून दिलं होतं. गंजकाढू, खात्री करून घ्या: सहा व्होल्टची बॅटरी, एक छोटा बल्ब आणि पेटीचा संपर्क, सगळं एकाच कडीत. शहराच्या किंवा इमारतीच्या कुठल्याही चालू यंत्रणेला मात्र चुकूनही जोडू नका. बॉस्टनच्या रस्त्यांवर या जातीच्या पेट्या अजून चालू आहेत, खरोखरचे बंब येतात.

गंजकाढू
केलं. काल रात्री, घरचे झोपल्यावर.

पेटी टेबलावर आडवी ठेवता येईना, म्हणून खुर्चीला दोरीने बांधून उभी केली. बॅटरी जोडली तर काहीच नाही. संपर्कावर काळा थर होता, जाड कागदाची पट्टी मधून दोनदा ओढल्यावर बल्ब लागला आणि लागून राहिला. कमान आठ फेरे भरली. कमान जुनी, तेव्हा तोंड बाजूला करून खटका ओढला.

आधी नुसती घरघर. मग बल्ब विझला, लागला, विझला, लागला. चारदा. थांबला. तीनदा. थांबला. एकदा. मग जरा मोठा विराम, आणि पुन्हा चार. मी बोटं मोजत बसलो होतो. चार फेरे पूर्ण करून यंत्र बंद झालं, बल्ब परत लागून राहिला.

पट्टीवरच्या तारखा अजून रंगाखाली आहेत. ओला कपडा घेऊन बसतोय.

रानजाई
व्हिडिओ टाका. आणि या वेळी लिंक तपासून.